सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग पोराला मैदानावर कधी उतरवायचं?

पत्र

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक आहे. ४ तारखेला संध्याकाळी सराव चालू असताना कॉर्नरचा बॉल हेडरने काढायला दोन पोरं एकदम उडाली आणि डोक्यावर डोकं आपटलं. एकाला काही झालं नाही. दुसरा दहावीतला, आमचा मुख्य डिफेंडर. तो पडला, लगेच उठलाही, पण आपल्याच गोलकडे पळत सुटला. "सर, पहिला हाफ चाललाय का?" असं दोनदा विचारलं. डोक्यावर पाणी मारलं, दहा मिनिटं बसवलं आणि "बरं वाटतंय" म्हणाला म्हणून परत आत घेतला. रात्री घरी डोकं दुखलं, एकदा उलटी झाली. सकाळी वडिलांनी दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. आज ७ तारीख. शाळेत येतोय, पण फळ्यावरचं उतरवून घेताना डोकं ठणकतं म्हणतो. १५ तारखेला १७ वर्षांखालील गटाचा जिल्हा पातळीवरचा सामना आहे. वडील म्हणतात, "स्कॅन क्लिअर हाय, मग अडवताय कशाला? दहावीचं मार्क जात्यात त्याचं." खेळवू का? आणि मैदानावर डॉक्टर नसताना हे ओळखायचं कसं?

उत्तर

नमस्कार सर,

१५ तारखेला त्याला खेळवू नका. बदली खेळाडू म्हणून बाकावरसुद्धा ठेवू नका, कारण एक गोल मागे पडलात की शेवटच्या दहा मिनिटांत त्याला आत घ्यायचा मोह होणारच.

तुम्ही लिहिलेल्या खुणा कन्कशनच्याच, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कामात होणाऱ्या बिघाडाच्याच आहेत: उलट्या दिशेने पळणं, तोच प्रश्न दोनदा विचारणं, रात्रीची उलटी आणि तिसऱ्या दिवशीही वाचता-लिहिताना ठणकणारं डोकं. कन्कशन व्हायला बेशुद्ध पडावं लागत नाही; बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. डोक्याला हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो, त्याच्या पेशींचे बारीक तंतू ताणले जातात आणि पेशींमधला क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी त्याचा रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. हा सगळा बिघाड कामकाजातला आहे, म्हणून तो स्कॅनमध्ये दिसत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव, सूज आणि कवटीचं फ्रॅक्चर दाखवतो. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ आत रक्त साकळलेलं नाही, एवढाच. मेंदू बरा झाला असं तो कागद कुठेच म्हणत नाही. वडिलांना हा फरक समजावून सांगणं, हेच या आठवड्यातलं तुमचं सगळ्यात मोठं काम आहे.

दोन गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. त्या संध्याकाळी त्याला परत आत घ्यायला नको होतं. आणि उलटी झाल्यावर रात्रीच दवाखाना गाठायला हवा होता, सकाळची वाट बघायला नको होती. हे दोष काढायला लिहीत नाही; कोल्हापुरात असो की आणखी कुठे, मैदानांवर वर्षानुवर्षं हेच होत आलंय. पण डोक्याला मार बसल्यावर खेळत राहिलेल्या मुलांना बरं व्हायला, लगेच बाहेर बसलेल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट दिवस लागले, असं अमेरिकेतल्या किशोरवयीन खेळाडूंवरच्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे त्या दिवशी वाचवलेली वीस मिनिटं पुढे आठवड्यांनी फेडावी लागतात.

याहून मोठं भय दुसऱ्या माराचं. पहिल्या कन्कशनमधून मेंदू सावरलेला नसताना पुन्हा हिसका बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि मूल काही मिनिटांत कोसळतं. हे विरळा घडतं, पण घडतं ते जास्त करून याच वयाच्या पोरांमध्ये. कॅनडातल्या ओंटारियोत रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये शाळेच्या रग्बी सामन्यात अशीच गेली. आठवडाभरात तिच्या डोक्याला एकाहून जास्त वेळा मार बसला होता. तिच्या नावाने तिथे २०१८ मध्ये कायदा झाला: कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत आत नाही. आपल्याकडे शाळेसाठी असा कायदा नसला तरी शाळेला स्वतःचा नियम करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता मैदानावर काय करायचं ते. डॉक्टर नसला तरी चालतं, कारण तुम्हाला निदान करायचंच नाही. तुम्हाला फक्त शंका घ्यायची आहे, आणि शंका आली की पोरगं त्या दिवसापुरतं बाहेर. "दहा मिनिटांनी बघू" हा पर्यायच ठेवायचा नाही.

मार बसला की आधी खेळ थांबवा. पडलेल्या पोराला बखोटीला धरून उठवू नका. मानेत दुखतंय, हातापायांना मुंग्या येताहेत किंवा हातपाय हलत नाहीत असं म्हणत असेल, किंवा तो बेशुद्ध असेल, तर तो जसा आहे तसाच राहू द्या. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत स्थिर धरायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. श्वास चालू आहे ना, याकडे सतत लक्ष हवं. तो थांबला असेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करायचं. तिथे मानेची काळजी दुसऱ्या नंबरवर जाते. बेशुद्धावस्थेत उलटी आली तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं. गालावर चापट्या, कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, गदागदा हलवणं यातलं काहीही नको. आणि मान मोडून "बसवणं" तर अजिबात नको. आपल्याकडे तालमीची सवय असलेला कुणीतरी जाणता माणूस मैदानाच्या कडेला असतोच आणि तो भल्या हेतूनेच पुढे येतो. त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवा; मणक्याला इजा झालेली असेल तर त्या एका झटक्याने पोरगं जन्माचं अपंग होऊ शकतं.

पोरगं शुद्धीत आहे, मान दुखत नाही, उठून बसलंय. आता बघायचं काय? उठायला वेळ लागला का, झोकांडी गेली का, नजर शून्यात लागलीय का, डोकं धरून बसलाय का, उत्तर द्यायला नेहमीपेक्षा उशीर लावतोय का, उगाच रडतोय किंवा चिडतोय का. मग त्याला विचारा: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला? मागचा सामना कुणाबरोबर झाला? तो आपण जिंकलो का? नाव, वर्ग, पत्ता विचारून काही कळत नाही. तो जुना साठा मार बसल्यावरही शाबूत असतो. आत्ता, या मैदानावर काय चाललंय हे विचारलं की गडबड उघडी पडते. तुमच्या पोराने "पहिला हाफ चाललाय का?" विचारलं तेव्हा या परीक्षेत तो आपणहून नापास झाला होता. यातलं एक लक्षण दिसलं किंवा एक उत्तर चुकलं तरी पुरे. मात्र सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून सूट मिळत नाही: डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय किंवा "काहीतरी वेगळंच वाटतंय" असं तो म्हणाला तरी बाहेरच.

"मला काही होत नाही सर" या वाक्यावर निर्णय घेऊ नका. पोरं खोटं बोलतात असं नाही. संघातली जागा जाईल म्हणून काही जण लपवतात, हे खरं. पण ज्या अवयवाने स्वतःची तपासणी करायची तोच बिघडलेला असतो, हे त्याहून खरं.

घड्याळ बघून मार बसल्याची वेळ कागदावर लिहा. पोराला एकटं सोडू नका, सायकलवरून किंवा मित्राच्या गाडीवर घरी पाठवू नका. पालकांना बोलावून समक्ष ताब्यात द्या आणि सोबत एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीत धोक्याच्या खुणा मराठीत, ठळक अक्षरात लिहिलेल्या असाव्यात: वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, फिट, एकाचे दोन दिसणं, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, बोबडं बोलणं, माणसं न ओळखणं, विचित्र वागणं, जागं करूनही नीट जागं न होणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव. यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाचा अपघात विभाग किंवा सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं इस्पितळ गाठायचं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर खुणांची वाटसुद्धा बघायची नाही.

"झोपू देऊ नका" हा सल्ला घरोघरी मिळतो. पहिले चार-सहा तास मोठ्या माणसाने नजर ठेवावी. धोक्याची खूण नसेल तर त्यानंतर पोराला झोपू द्यावं. झोप मेंदूला हवीच असते. पहिल्या रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपावं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मध्ये उठवून बघावं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. ४० किलोच्या पोराला ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन किंवा यातलं काही मिसळलेल्या गोळ्या पहिले दोन दिवस तरी नकोत, कारण त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते.

तुमचा खेळाडू आता पुढच्या टप्प्यावर आहे. पहिल्या २४ ते ४८ तासांत सापेक्ष विश्रांती हवी असते. म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडणं नव्हे. घरात वावरणं, सावकाश चालणं, गप्पा मारणं सगळं चालतं. मोबाईल आणि टीव्ही मात्र या दोन दिवसांत अगदी कमी, कारण स्क्रीनने बरं व्हायला उशीर लागतो. ते दोन दिवस सरले. आता आधी शाळा, मग खेळ. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. फळ्यावरचं उतरवताना ज्याचं डोकं ठणकतं, त्याला हेडर मारायला पाठवणार कसं?

वर्गशिक्षकांशी आजच बोला. काही दिवस अर्धा दिवस शाळा, पुढच्या बाकावर जागा, वीस मिनिटं वाचलं की पाच मिनिटं डोळे मिटून विश्रांती, फळ्यावरचं उतरवण्याऐवजी मित्राच्या वहीची झेरॉक्स. चाचणी असेल तर पुढे ढकला किंवा जास्त वेळ द्या. दहावीचं वर्ष म्हटलं की सकाळी क्लास, दिवसभर शाळा, संध्याकाळी परत क्लास. यातला क्लास आठवडाभर बंद ठेवला तर शाळा लवकर झेपेल. दुखणं नसताना पूर्ण दिवस शाळा, नेहमीचा अभ्यास, कुठलीही सवलत न घेता जमलं, की शाळेचा भाग पूर्ण झाला.

हलका व्यायाम मात्र त्यासाठी अडवून ठेवायची गरज नाही. दोन दिवसांनंतर चालणं सुरू केलेली मुलं नुसती पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरी होतात. रंकाळ्यावर १५ मिनिटं सपाट चालण्यापासून सुरुवात करा. पुढे भरभर चालणं किंवा घरातली स्थिर सायकल. जोर किती लावायचा हे नाडीवर ठरवा. १५ वर्षांच्या पोराचा कमाल ठोका साधारण २०५ धरला, तर पहिल्या पायरीला ५५ टक्के, म्हणजे मिनिटाला ११३ पर्यंत. पुढच्या पायरीला ७० टक्के, म्हणजे १४३ पर्यंत. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजायला शिकवा: आधी २८ च्या आत, नंतर ३६ च्या आत. व्यायामाआधी डोकेदुखीला शून्य ते दहामध्ये किती गुण देतोस, हे विचारा. मध्येच ती दोनपेक्षा जास्त गुणांनी वाढली किंवा वाढलेली तासाभरात उतरली नाही, तर त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी करा. गोळी खाऊन केलेला व्यायाम या हिशेबात धरू नका; दुखणं झाकलं की मोजायला काही उरत नाही.

त्यानंतर एकट्याने बॉल घेऊन सराव: ड्रिब्लिंग, कोनमधून पळणं, भिंतीवर पासिंग. हेडर नाही, टॅकल नाही, गर्दी नाही. मग संघाबरोबर पासिंग आणि शूटिंग, पण कुणी कुणाला भिडायचं नाही. मग डॉक्टरांच्या लेखी परवानगीने पूर्ण सराव. त्यातूनही सुखरूप गेला तर सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. संघाबरोबरच्या सरावात किंवा त्यापुढे लक्षण परत आलं, तर पुन्हा एकट्याच्या सरावावर जायचं. तो सकाळी तालमीतही जात असेल तर वस्तादांना आजच कल्पना द्या. खडाखडी, लढत, मानेचा पूल पूर्ण बंद. बैठका लवकर सुरू करता येतात, पण जोर काढताना डोकं खाली जातं आणि ठणका उठतो, म्हणून ते नंतर. आमचा अनुभव नव्हे, साधं निरीक्षण म्हणून सांगतो: इथली पोरं फुटबॉलच्या मैदानावरून बाहेर बसतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तांबड्या मातीत उतरतात, कारण वस्तादांना कुणी कळवलेलंच नसतं.

आता तारखांचा हिशेब. ब्रिटनमध्ये शाळा आणि हौशी खेळांसाठी २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम आले. त्यांच्या मते भिडण्याचा सराव सुरू करायच्या आधी सलग १४ दिवस लक्षणांविना गेले पाहिजेत, आणि सामना मार बसल्यापासून २१ व्या दिवसाच्या आधी नाही. शालेय वयाला आम्हीही हेच पाळा म्हणतो. समजा त्याचं डोकं १० तारखेला पूर्ण शांत झालं, तर टॅकल आणि हेडरचा सराव २४ तारखेनंतर. सामना २५ च्या आधी कुठल्याही परिस्थितीत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहून दोन-चार दिवस पुढेच. १५ तारीख या हिशेबात कुठेच बसत नाही.

वडिलांशी बोलताना आकडे कमी आणि एक उदाहरण जास्त वापरा. क्रिकेट ते बघतच असतील. २०१९ च्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो बाहेर गेला, तपासणी झाली, परत येऊन ९२ पर्यंत पोचला. लक्षणं दुसऱ्या दिवशी सकाळी वर आली. त्याला त्या सामन्यातून काढलं, पुढची हेडिंग्लेची कसोटीही तो खेळला नाही. शेजारी संघाचे डॉक्टर उभे असताना जगातल्या अव्वल फलंदाजाच्या बाबतीत हे होतं, तर शाळेच्या मैदानावर आपण किती सावध राहायला हवं, हे त्यांना पटेल. आणि गुणांचं म्हणाल तर सरळ सांगा: "दादा, खेळाचे सवलतीचे गुण थोडे आहेत, बोर्डाचा पेपर अख्खा आहे. आत्ता घाई केली आणि डोकेदुखी दोन महिने लांबली, तर दोन्ही जातील." हे एकट्याने सांगू नका. मुख्याध्यापकांना शेजारी बसवा. निर्णय शाळेचा आहे, सरांचा हट्ट नाही, हे दिसू द्या.

त्यासाठी शाळेत एक बदल करा. सामन्यात पोराला बाहेर काढायचा अधिकार अशा एका शिक्षकाला द्या ज्याचा निकालाशी संबंध नाही. विज्ञानाचे सर चालतील, लायब्ररीच्या मॅडम चालतील. त्यांनी बाहेर म्हटलं की बाहेर. कोचने वाद घालायचा नाही. १-१ बरोबरी असताना आपल्या मुख्य डिफेंडरबद्दल निष्पक्ष राहणं कुठल्याही कोचला कठीणच, आणि ते ओझं त्याच्यावर टाकू नये. हाच नियम कबड्डीलाही लावा. तिथे चढाईपटूचा घोटा धरायला वाकलेल्या पोराच्या कानशिलावर गुडघा बसतो आणि पुढच्या चढाईच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. हेल्मेट किंवा डोक्याची पट्टी आणून प्रश्न सुटत नाही; हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा राहत नाही. सरावात हेडरची संख्या कमी करणं, लहान गटाला हलका बॉल देणं, हवेतल्या बॉलसाठी "माझा" असं ओरडून हक्क सांगायची सवय लावणं, याचा उपयोग जास्त होतो. दोन्ही पोरं मुक्याने उडाली की डोकी आपटतात.

बहुतेक मुलं चार आठवड्यांत पूर्ण बरी होतात. ती मुदत उलटूनही डोकं दुखत असेल, चक्कर येत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, झोप बिघडली असेल किंवा पोरगं गप्प-चिडकं झालं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या आणि फिजिओथेरपिस्टकडून मान व तोल तपासून घ्या. पुष्कळदा लांबलेल्या डोकेदुखीचं मूळ मानेतच सापडतं आणि व्यायामाने सुटतं. आधी कधी असा मार बसला होता का, अर्धशिशीचा त्रास आहे का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा मुलांना जास्त वेळ लागतो. आणि ४ तारखेची ही घटना त्याच्या आरोग्यपत्रिकेत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो ज्युनिअर कॉलेजच्या संघात जाईल, तेव्हा तिथल्या सरांना ती नोंद लागेल.